बंद कंपनीच्या गाडीचं दावं

कंपनी बंद पडलेली गाडी घेऊ नये, हे मला आमच्या गावात ज्यांच्या दारात साधी सायकलसुद्धा नाही अशा माणसांनी सांगितलं. गिरणीवर दळण घेऊन गेले तिथं सांगितलं, डेअरीवर दूध घालताना सांगितलं, आणि एका चुलत सासऱ्यांनी तर कुणाच्या तरी दहाव्याला नदीवर जमलेल्या माणसांतून मला बाजूला घेऊन सांगितलं. "पार्ट कुठनं आणशील?" हा सगळ्यांचा एकच प्रश्न. मी म्हणायचे, माझ्या शिलाई मशीनची कंपनी कधीच बंद झाली, तरी निम्म्या तालुक्याची पोरं तिच्यावर शिवलेल्या चड्ड्या घालून शाळेत जातात. हे कुणाला पटायचं नाही. फुकटचा सल्ला द्यायला आमच्या भाटघरात कुणी मागं राहत नाही.

गाडी म्हणजे काही हत्ती नव्हता. तोंड लहान गाडीचं आणि पाठ लांब. मागचं दार वर उचललं की आत मी शिवते त्या गणवेशांचे सगळे गठ्ठे मावतील एवढी जागा. परदेशातली कंपनी होती. काही वर्षं तिनं इथं गाड्या विकल्या आणि मग गाशा गुंडाळला. तिच्या चांगल्या धडधाकट गाड्यांना त्यानंतर कुणी हात लावीना, म्हणून तर त्या आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आल्या. नवऱ्याचं म्हणणं असं, की गठ्ठे न्यायला भाड्याचा टेम्पो आहे, मग स्वतःची गाडी कशाला. नवरा शिरवळला एका कारखान्यात पाळीवर जातो आणि घरी आल्यावर उरलेला वेळ माझी थट्टा करण्यात घालवतो. गठ्ठे हे मी जगाला सांगायचं कारण होतं. खरं कारण आमच्या पडवीत खाटेवर बसलेलं होतं.

ते म्हणजे माझे सासरे, आबा. काही वर्षांपूर्वी खाचरात चिखलणी करताना पॉवर टिलर त्यांच्या अंगावर आला. पाय वाचला, गुडघा गेला. डॉक्टरांनी आत सळई घालून पाय सरळ केला तो कायमचा. उभे राहतात, काठी घेऊन गोठ्यापर्यंत जातात, पण पाय वाकत नाही. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढता येत नाहीत, जीपमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि कुठल्याही लहान गाडीत न्यायचं तर मागच्या सीटवर आडवं करून न्यावं लागतं. दवाखान्यातून घरी आणलं ते तसंच, डोकं एका दाराला आणि पाय दुसऱ्या दाराला. त्या दिवशी खाली उतरल्यावर त्यांनी मला सांगितलं, "पोरी, आता मला आडवं नेशील ते एकदाच. तवर मी कुठं जायचा न्हाई." आणि खरंच कुठं गेले नाहीत. लग्नाला नाही, जत्रेला नाही.

जायचं मात्र त्यांना एका ठिकाणी होतं. त्यांची थोरली बहीण पासलीला दिलेली. आई लहानपणीच गेली, तेव्हा या बहिणीनंच आबांना कडेवर वागवलं. आमच्या या आत्याबाईंना गाडी लागते. एकदा वेल्ह्यापर्यंत जीपनं आल्या तर घरी जाऊन दोन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. त्यामुळे येणं-जाणं होतं ते आबांचंच. दर भाऊबिजेला ते पासलीला जायचे. पाय गेला आणि तेही थांबलं.

आमच्याकडे भाऊ नसलेली बाई भाऊबिजेला चंद्राला ओवाळते. गेल्या वर्षी पासलीहून आत्याबाईंच्या मुलाचा फोन आला, मोबाईल स्पीकरवर होता, आणि तो सहज बोलून गेला की आई अंगणात ताट घेऊन उभी आहे, चंद्राची कोर दिसायची वाट बघतीय. आबांनी ते ऐकलं. मग म्हणाले, "म्या जित्ता असताना ती चंद्राला ओवाळती." त्यानंतर ते जेवले नाहीत. मी ताट उचललं आणि मला इतका राग आला की ते मोरीत आपटलंच. राग आबांचा नव्हता, आत्याबाईंचाही नव्हता. एका माणसाला ताठ बसवून तीस-चाळीस मैलांवर नेता येईल अशी एक गाडी या जगात नाही, याचा तो राग होता. त्याच मोरीत उभं राहून मी ठरवलं, की पुढच्या भाऊबिजेला आबा पासलीला जातील, आणि बसून जातील.

मी शिवणारी बाई. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हे हाताला ठाऊक. म्हणून आधी टेप घेऊन आबांना खाटेवर भिंतीला टेकून बसवलं आणि पाठीपासून टाचेपर्यंत माप घेतलं.

"इजार शिवतीस का?" आबांनी विचारलं.

"न्हाई, गाडी शिवते," मी म्हटलं.

मग जिथं म्हणून जुन्या गाड्या विकायला असायच्या तिथं मी तो टेप घेऊन जायला लागले. भोर, कापूरहोळ, पार कात्रजपर्यंत. लोक इंजिन बघतात, टायर दाबतात, खाली वाकून तेल गळतंय का बघतात. मी दार उघडायचे आणि सीटवर टेप टाकायचे. एका दलालानं विचारलं, "ताई, गाडीला झबलं शिवायचंय का?" मी त्याला म्हटलं, तुझ्या गाडीला आधी धुवायला घाल, मग झबल्याचं बघू. नवरा मोटारसायकलवर बसून दुसरीकडे बघत राहायचा, आम्ही एकमेकांचे कुणीच नाही असं दाखवत.

मोठ्या गाड्यांत जागा होती, पण त्या आमच्या ऐपतीपलीकडच्या. लहान गाड्यांत आबा बसले असते, पाय बाहेर राहिला असता. असं करत करत दसरा आला. मग मी ज्यांच्याकडून कापड घेते त्या नसरापूरच्या दुकानदारानं सांगितलं, मार्गासनीला एक लांब पाठीची गाडी उभी आहे, पण कंपनी बंद झालेली. मी म्हटलं, कंपनीला कुठं पासलीला न्यायचंय.

मार्गासनीत ती गाडी गोठ्यात होती. रिकाम्या गव्हाणीकडे तोंड करून उभी, वर पत्रा, खाली शेणानं सारवलेली जमीन. मालक म्हणजे एक साठीतले काका आणि त्यांच्याहून करारी काकू. दोघांनी या गाडीतून वर्षानुवर्षं पुण्याला भाजी नेली. आता मुलानं पिकअप घेतला होता आणि गाडी उभी राहून कुजेल म्हणून ती विकायची होती. काकांनी कुठलीशी एक खटकी ओढली आणि पुढची डाव्या हाताची सीट नमस्कार घातल्यासारखी पालथी पडली. सपाट. मी मागच्या सीटवर जाऊन बसले, पाठ टेकली, आणि त्या पालथ्या सीटवर टेप सोडला. आबांचं माप बसून वर चार बोटं उरली.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

गाडी मी चालवून बघितली. चढावर घातली, उतारावर सोडली, ब्रेक दाबून बघितले. पण खरी परीक्षा माझीच चालली होती. काकू विचारत होत्या, "कुठं बांधणार हिला? सावली हाय का? लई ताणणार न्हाई न्हवं?" किमतीचं बोलायची वेळ आली तेव्हा काकांनी आम्हाला गोठ्याबाहेर नेलं. जनावराच्या समोर त्याची किंमत बोलू नये म्हणे. नवऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, मी त्याच्या पायावर पाय दिला. सौदा झाला. कागदपत्रांचं सगळं दिवाळीआधी उरकलं आणि गाडी पाडव्याला घरी आणायची ठरली. आणायची म्हणजे आम्ही नाही. काका म्हणाले, "जनावर नव्या दावणीला जुन्या धन्यानंच नेऊन सोडायचं. न्हाईतर ते रुजत न्हाई."

पाडव्याला दुपारी ती आली. काका चालवत होते आणि काकू शेजारी नवी साडी नेसून बसल्या होत्या. मी चाकांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. काकूंनी बोनेटला हळदकुंकू लावलं आणि गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यावरून हात फिरवला. चहा झाला. निघताना काकांनी पान-सुपारीवर किल्ली ठेवून ती माझ्या ओंजळीत दिली. मी लगेच गाडीत बसायला निघाले, तर दोघांनी एकदम अडवलं.

"आज हिला हलवायचं न्हाई," काकू म्हणाल्या. "आल्या दिवशी जनावर जुंपत न्हाईत."

खाटेवरून आबा म्हणाले, "बराबर हाय."

आता तिघं जुने बैलवाले एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला. काका-काकू एसटीनं मार्गासनीला गेले.

पण बसायला तर कुणाची ना नव्हती. संध्याकाळी नवऱ्यानं आणि मी आबांना धरून मागच्या सीटवर बसवलं, पुढची सीट पालथी केली, त्यावर उशी ठेवली आणि उशीवर पाय. आबा टेकले. पाठ ताठ, तोंड पुढं, समोर काच आणि काचेपलीकडे रस्ता. इतक्या वर्षांत त्यांना असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. "च्या हितंच आण," एवढंच बोलले. चहा झाला, दिवे लागले, शेजारची म्हैस काचेतून बघून गेली, तरी ते उतरेनात. तिथं बसूनच त्यांनी पासलीला फोन लावला. "आक्के, उद्या येतो. ताट तयार ठेव."

आत्याबाई पलीकडून म्हणाल्या, "येशील तवा खरं."

भाऊबिजेला सकाळी आबांनी दाढी केली, पांढरा सदरा घातला, डोक्याला फेटा बांधला. आत्याबाईंचं लुगडं, फराळाचा डबा, सगळं डिकीत गेलं. आबा आपल्या जागेवर बसले. दहा-बारा माणसं सहज म्हणून अंगणात येऊन उभी राहिली. मी गाडीत बसले आणि किल्ली फिरवली.

गाडी खुर्रर्र करून गप झाली.

पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. समोरच्या काट्यांच्या खाली एक लाल दिवा उघडझाप करायला लागला. मी किती वेळा किल्ली फिरवली कोण जाणे. माझ्या कानशिलातून घाम यायला लागला आणि अंगणात ते सुरू झालं, ज्याची मी वाट बघत होते. कुणीतरी म्हणालं, कंपनी बंद म्हटल्यावर असंच. कुणी म्हणालं, पार्ट कुठनं आणणार. ते दहाव्यावाले चुलत सासरे तर खास काठी टेकत आले आणि म्हणाले, "म्या सांगितलं न्हवतं?" त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं की जणू त्यांचाच सण.

दिवाळीचे दिवस, भोरातली गॅरेजं बंद. गावातला ट्रॅक्टरचा मिस्त्री तेवढा मिळाला. त्यानं झाकण उघडलं, वायरी हलवल्या, बॅटरी बघितली. "वैनी, करंट हाय, पेट्रोल हाय," तो म्हणाला, "पर हिच्या मनात न्हाई. आतला कॉम्प्युटर बसला आसंल. त्यो मिळायचा न्हाई, कंपनीच न्हाई." मी त्याला म्हटलं, मन तुझ्या ट्रॅक्टरला असतं, हिला इंजिन आहे. पण ते तोंडानं बोलत होते तेवढंच. मी आबांना या गाडीची आशा लावली होती. त्यांनी फोन करून ताट मांडायला सांगितलं होतं. मागं वळून बघायची मला हिंमत होईना.

शेवटी बघितलं. आबा फेटा बांधून तसेच ताठ बसले होते. नवऱ्यानं दार उघडून विचारलं, "आबा, उतरता का?" ते म्हणाले, "न्हाई." तो म्हणाला, "ऊन झालंय." ते म्हणाले, "होऊ दी."

मी मार्गासनीला फोन लावला. काकांनी उचलला. माझा आवाज चढलेला होता, तो सगळ्या अंगणानं ऐकला. "काका, तुमची गाडी चालू होत न्हाई. काल तुमी आणली तवा चालती, आज बंद. हे कसं?" काका शपथा घ्यायला लागले. म्हणाले, एका दिवसात असं होईल कसं, तिनं कधी दगा दिला नाही, माझ्या पोराला सर्दी व्हायची पण हिला कधी काही झालं नाही. मी आणखी चढले. तेवढ्यात मागून आबा बोलले.

"त्येला इचार, दावं ठिवलं का न्हाई."

दावं म्हणजे जनावर बांधायची दोरी. आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं विकत नाहीत. ते आपल्या खुंटीला ठेवायचं, म्हणजे जनावराबरोबर घरातली लक्ष्मी जात नाही. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं. आबांच्या मनात भलतंच होतं. त्यांना वाटत होतं, काका शहाणे होऊन रीत विसरले, म्हणून गाडी रुजली नाही. मला त्या क्षणी त्यांचाही राग आला. इथं इंजिनाचा जीव चाललाय आणि यांना दोरी सुचते. पण भाऊबिजेच्या दिवशी त्या माणसाला नाही कशाला म्हणायचं, म्हणून दातओठ खात विचारलं, "आबा इचारत्यात, दावं ठेवलं का?"

"ठिवलं की," काका अभिमानानं म्हणाले. "रीत कशी मोडंल? तुमच्या अंगणात किल्ली काढली आन ती खिशात घातली. खुंटीला टांगलीय. तुमाला दिली ती दुसरी."

मी हातातल्या किल्लीकडे बघितलं. साधी, बाजारात घासून केलेली, गाडी चालवून बघताना होतं तसं डोक्याला काळं प्लॅस्टिक नसलेली. लाल दिव्याकडे बघितलं. त्या दिव्यावर किल्लीचंच चित्र होतं. सकाळपासून ती गाडी मला जीव तोडून सांगत होती आणि मी तिला शिव्या देत होते.

"काका, ह्या दुसऱ्या किल्लीनं तुमी गाडी कधी चालू केलेली?"

"तिनं? न्हाई. तिनं आमची ही डिकी उघडायची फकस्त."

मला हसावं की रडावं कळेना. खऱ्या किल्लीत काहीतरी खूण असते, ती असल्याशिवाय गाडी चालू होत नाही, हे मी कुठंतरी ऐकलं होतं. मी म्हटलं, माणूस पाठवते, ती किल्ली द्या. इथं फोन काकूंनी घेतला, आणि सरळ नाही म्हणाल्या.

"गाडी दिली. आता दावं बी देऊ व्हय? माझ्या घरातली लक्ष्मी जाईल."

मी आवाज खाली आणला. आबांचा पाय सांगितला, आत्याबाईंचं चंद्राला ओवाळणं सांगितलं. काकू हळहळल्या, नाक ओढल्याचंही ऐकू आलं, पण दावं ते दावं. रीत ही रीत. आणि खरं सांगते, मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही दिलं नसतं. मग मला एकदम सुचलं.

"काकू, डिकीची किल्ली कुणी करून घेतली?"

"म्याच. हे बाजारात गप्पा मारत बसायचे, माल काढायचा तर ह्यांच्या मागं फिरायला लागायचं. म्हनून भोरात करून घेतली."

"म्हंजे रोज तुमच्या हातात हीच असायची?"

"कमरेला असायची."

"मग खरं दावं कुठलं, सांगा. काकांच्या खिशातलं का तुमच्या कमरेचं?"

मग काकू म्हणाल्या, आणि काकांनाच म्हणाल्या, "आवं, ती काढा खुंटीवरनं. आपलं दावं तिकडं ऱ्हायलंय." मग मला, "मोकळ्या हातानं कुणाला धाडू नगं. माझी किल्ली माझ्या हातात दिली की तुझी देते."

नवरा रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल, पोटात चहाशिवाय काही नाही. मी काही म्हणायच्या आत त्यानं माझ्या हातातून ती डिकीची किल्ली घेतली आणि मोटारसायकलला किक मारली. माझ्या गाडीची एवढे महिने थट्टा करणारा हा माणूस त्या दिवशी मार्गासनीला असा गेला, की मी त्याचे मागचे सगळे टोमणे माफ केले. पुढचे नाही.

आबा गाडीतच बसून राहिले. भाकरी तिथंच खाल्ली. चुलत सासरे म्हणाले, किल्लीनं काय होणार, आत कॉम्प्युटर गेलाय. मी त्यांना म्हटलं, थांबा, लाडू खाऊन जा, बघून जा. ते थांबले.

नवरा आला तेव्हा सूर्य कलला होता. "घे तुझं दावं," म्हणाला. काळ्या डोक्याची किल्ली. मी ती लावली, डोळे मिटले आणि फिरवली. इंजिन असं लागलं, जसं काही झालंच नव्हतं. लाल दिवा एकदा लुकलुकून विझला. मला रडू आलं, आणि ते मी कुणापासून लपवलं नाही. मिस्त्री म्हणाला, "बघा, म्या वायरी हलवल्या त्याचा गुण." चुलत सासऱ्यांनी लाडू तोंडात टाकला आणि काही न बोलता घरी गेले. त्यांना न बोलता जाताना मी आयुष्यात तेवढं एकदाच बघितलं.

"एकटी नेशील?" नवऱ्यानं विचारलं.

"गाडी कुणाची हाय?" मी म्हटलं. तो झोपायला गेला.

मग आम्ही दोघं निघालो. कापूरहोळपर्यंत मी जपून चालवली, हमरस्त्यावर ट्रकच्या मागं मागं. नसरापूरला वळलो आणि आबांना कंठ फुटला. कुणाचं भात कापून झालं, कुणाचं उभं आहे, कुणाचं पडलंय, सगळं ते बोलत होते. वर्षानुवर्षं ते या गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते, आता स्वतः बघून मला सांगत होते. मार्गासनीला काका-काकू रस्त्याला येऊन उभे होते. काकूंच्या कमरेला किल्ली होती. मी थांबणार होते, पण त्यांनी हातानंच सांगितलं, जा, जा, दिवस जातोय. मी भोंगा वाजवला. आबांनी फेट्याला हात लावून रामराम केला, जसा बसलेला माणूस करतो.

वेल्ह्याच्या पुढं रस्ता चढायला लागला. मी गिअर खाली घेतला. गाडीला जड गेलं, इंजिनाचा आवाज बदलला, आणि माझा जीव पुन्हा वर आला. मागून आबा जिभेनं टक्-टक् करायला लागले, बैलाला चढावर करतात तसं. पालथ्या सीटवर थाप मारून म्हणाले, "चल माझी बाय, चल." मी काय करू, मीही मनात तेच म्हणायला लागले. गाडी चढली. वर गेल्यावर मी इतक्या मोठ्यानं हसले की आबाही हसायला लागले, आणि मग बराच वेळ आम्हाला थांबताच येईना.

पासलीत पोचलो तेव्हा डोंगराच्या अंगावर अजून ऊन होतं. आत्याबाई अंगणाच्या तोंडाशी उभ्या होत्या, कपाळावर हात धरून. गाडी थांबली तरी त्या पुढं आल्या नाहीत. त्यांच्या मुलानं मागचं दार उघडलं आणि तेव्हा त्यांना दिसलं, आत त्यांचा भाऊ बसलेला आहे. त्या जवळ आल्या. बाकी काही नाही, आधी त्यांनी त्या सरळ पायावरून हात फिरवला, मांडीपासून टाचेपर्यंत. अपघातानंतर त्यांनी तो पाय बघितलाच नव्हता.

"लई दुखलं का रं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," आबा म्हणाले. ते खोटं होतं.

घरात ओटीवर पाट मांडला होता, भोवती रांगोळी, ताटात सुपारी, निरांजन. आता पेच पडला. आबांना पाटावर बसता येणार नव्हतं. मुलगा म्हणाला, खुर्ची आणतो. आत्याबाई म्हणाल्या, सणाला खुर्चीवर ओवाळायला तो काय पुढारी आहे? त्यांनी भावाकडे बघितलं. दार उघडं, पाठ ताठ, डोक्याला फेटा, पाय लांब.

"उतरू नगं," त्या म्हणाल्या.

त्या आत गेल्या आणि पाट घेऊन आल्या. तो गाडीत ठेवला, आबांच्या चांगल्या पायाखाली. दाराच्या खाली मातीतच बोटांनी रांगोळीची एक ओळ ओढली. मग दाराशी उभं राहून त्यांनी भावाला ओवाळलं. कुंकवाचा टिळा वाकडा लागला. आबांच्या डोळ्यांतलं पाणी मिशांत उतरत होतं आणि ते पुसायला त्यांना हात उचलवेना. पुसायची गरजही नव्हती. तिथं असं कुणीच नव्हतं ज्याचे डोळे कोरडे होते.

मी लुगडं पुढं केलं. आबांनी ते ताटात ठेवलं आणि विचारलं, "आक्के, आनखी काय घालू?"

"लुगडं ऱ्हाऊ दी," आत्याबाई म्हणाल्या. "मला म्हायेराला ने."

"कवा?"

"आता. हिच्यातनं."

"तुला गाडी लागती आक्के."

"लागू दी. तू हितवर पाय घेऊन आलास, मला उलटी झाली तर काय मरते का?"

मी म्हटलं, "आत्याबाई, आज ऱ्हाऊ, सकाळी निवांत निघू. तुमचं कपडालत्ता काय घ्यायचं ते घ्या, तयारी करा." त्या घरात गेल्या आणि लगेच बाहेर आल्या, काखेत एक गाठोडं. पक्कं, दोन गाठी मारून बांधलेलं. त्यांचा मुलगा बघतच राहिला. म्हणाला, "हे कवा बांधलं?" तेव्हा कळलं, आदल्या संध्याकाळी भावाचा फोन ठेवल्या ठेवल्या त्यांनी ते बांधून दाराआड ठेवलं होतं. मी मागं गेले आणि डिकी उघडली.